कोयंड्याच्या भोकातलं बिऱ्हाड

गणपती विसर्जनानंतर माहेरी गेले, तेव्हा आईच्या गावठी गुलाबाची निम्मी पानं कातरलेली दिसली. कुरतडलेली नव्हेत, अगदी मापानं कापलेली. लाटलेल्या पोळीतून वाटीनं पुऱ्या पाडल्यावर कडेला जी नक्षी उरते, तसं प्रत्येक पान दिसत होतं. आई वैतागलेली. "अळी न्हाई, किडा न्हाई, पानं मातुर रोज कमी व्हायल्यात." धाकटा भाऊ मोटरसायकलला किक मारता मारता म्हणाला, "सांजंला औषध मारतो." आमच्याकडं सगळ्यावर औषधच मारतात.

मी म्हटलं, एक दिवस थांब.

दुसऱ्या दिवशी उन्हं जरा चढल्यावर अंगणातल्या कट्ट्यावर चहाचा कप घेऊन बसले. फार वेळ बसावं लागलं नाही. सातेरी मधमाशीपेक्षा थोडी जाड, काळपट, पोटाखाली पिवळसर लव असलेली एक माशी आली आणि पानाच्या कडेवर स्वार झाली. एका जागी बसून ती जबड्यांच्या कात्रीनं गोलाकार कापत गेली. जो तुकडा कापायचा, त्यालाच पायांनी धरून बसलेली. म्हणजे शेवटचा धागा तुटला की तुकड्यासकट तीही खाली पडणार. पण तुटायच्या ऐन आधी पंख सुरू झाले. तुकडा सुटला, तिच्यासह वीतभर खाली आला, आणि पोटाशी गुंडाळी धरून ती गोठ्याकडं निघून गेली. सगळं मिळून दहा-बारा सेकंदांचं काम. मी कप तिथंच ठेवून मागं धावले.

गोठ्याच्या भिंतीला आमच्या जुन्या घराची सागवानी चौकट टेकवून ठेवली आहे. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या अगदी काठावरचं. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाशी पाण्यानं ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथं ४५ फुटांची आहे. त्या पुरात आमचं भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, भिंतींचं घर बसलं. पाणी उतरल्यावर गाळातून जे काही धडकं निघालं त्यात ही चौकट होती. अण्णांनी ती विकू दिली नाही. कडी-कोयंडा उपटलेला, त्या जागी करंगळी जेमतेम जाईल असं भोक. त्या भोकात ती शिरली. थोड्या वेळानं रिकामी बाहेर आली आणि परत गुलाबाकडं गेली.

तासाभरात तिनं अशा कितीतरी खेपा केल्या. लांबट तुकडे आधी आत गेले, मग एक वेळ अशी आली की ती पानाऐवजी पोटाखालची लव पिवळीजर्द करून येऊ लागली. तो पराग. मग पुन्हा पानं, या वेळी नेमके गोल तुकडे, झाकणाचे. आतली खोली मला दिसत नव्हती, पण तिची रचना ठाऊक होती, कारण चौकट हलवताना दुसऱ्या एका भोकातून विडीच्या थोटकासारखी एक गुंडाळी पूर्वी खाली पडली होती. फाटलेलीच होती म्हणून मी ती उलगडून पाहिली होती. पानांचे १४ तुकडे, एकावर एक, विड्यासारखे घट्ट दुमडलेले. आत पराग आणि मधुरसाचा पिठल्यासारखा दाट, आंबूस वासाचा गोळा. त्याच्यावर शेवयीच्या तुकड्याएवढं पांढरं अंडं. एका पिल्लाचा जन्मभराचा डबा, त्याची खोली आणि त्याचं दार, सगळं एकटीनं केलेलं. अशा खोल्या एकापुढं एक रांगेनं असतात. मागच्या खोल्यांत मुली आणि दाराशी मुलगे, अशी साधारण मांडणी. अंडं फलित केलं तर मुलगी, नाही केलं तर मुलगा, आणि ते तिच्याच हाती असतं.

आपल्याकडं मधमाशी म्हटलं की डोळ्यांपुढं पोळं येतं. आग्या, सातेरी, फुलोरी यांना नावं आहेत, कारण आपण त्यांच्याकडून काहीतरी घेतो किंवा त्यांना घाबरतो. पण जगात या कुळातल्या माश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकट्या राहणाऱ्या. त्यांना राणी नाही, कामकरी नाहीत, साठवलेला मध नाही. प्रत्येक मादी स्वतःच घर शोधते, पिल्लांची बेगमी करते, दार लावते आणि बहुधा पिल्लांचं तोंड न बघताच मरते. नांगी असते, पण राखायला पोळं नसल्यामुळं ती क्वचितच डसते, तेही मुठीत दाबली तर. त्यांना मराठीत काय म्हणायचं? शाळेत मी विज्ञान शिकवते, पुस्तकी शब्द वापरून पाहिले, एकही जिभेवर बसला नाही. मग एकदा इतिहासाच्या बाईंशी बोलताना शब्द सापडला. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. त्यातही जो कुणाच्या पथकात नसे, एकटाच येई, तो एकांडा शिलेदार. तेव्हापासून माझ्या वर्गात या माश्यांचं नाव एकांडी. मुलांना ते लगेच कळलं.

यांतल्या एकीलाच गावानं नाव दिलं आहे, तो भुंगा. लाकूड पोखरणारा भुंगा कमळात मिटला गेला तर जीव देतो, पण पाकळी फाडत नाही, हा दृष्टांत आम्ही सप्ताहातल्या कीर्तनात लहानपणापासून ऐकला. तो ज्यानं पहिल्यांदा दिला त्यानं भुंग्याला लाकूड कोरताना बघितलं असणार, कारण तो खरंच कोरतो. म्हणजे कोरते ती मादी. टोमॅटोच्या फडात रोवलेल्या बांबूंवर सुताराच्या गिरमिटानं पाडावं तसं गोल भोक आणि खाली भुश्शाची ढिगुली दिसली की समजावं, आत भुंग्याचं बाळंतघर आहे. शेवग्याच्या फुलांवर सकाळी त्याचीच घरघर असते. शनिवारी मारुतीला आपण ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचा पराग भुकटीसारखा उडत नाही. तो जोडगोळीच्या पुडक्यांत बांधलेला असतो आणि ती पुडकी भुंग्यासारख्या दांडग्या किड्याच्या पायाला चिकटूनच दुसऱ्या फुलापर्यंत जातात.

मला मात्र सगळ्यांत जास्त ओढ आहे ती निळ्या पट्ट्यांच्या एकांडीची. आमच्या कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव सगळीकडं आहे. काळी माती, नदीचं पाणी, जुनं बियाणं, सगळ्यांना श्रेय देऊन झालं, हिला कुणी दिलेलं नाही. वांग्याचं फूल जवळून बघा. जांभळ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो. इतर फुलांसारखा त्याचा पराग उघड्यावर नसतो. प्रत्येक पुंकेसर म्हणजे बंद नळी, तिच्या टोकाला बारीक छिद्रं, मिठाच्या डबीला असतात तशी. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. पोळ्यातल्या मधमाशीला हे हलवणं जमत नाही. ती येते, इकडंतिकडं सांडलेलं वेचते आणि जाते.

निळ्या पट्ट्यांची येते ती हवेत थबकत, झटके घेत. पोटावर फिकट निळे, मोरपंखी झाक असलेले पट्टे, डोळे हिरवट. ती फुलाला खालून लटकते, सुळक्याला मिठी मारते, पंख मिटून घेते आणि उडण्याचे स्नायू तेवढे थरारवते. तिची उडतानाची गुणगुण त्या क्षणी थांबते आणि तिथं एक चिरका, वरच्या पट्टीतला आवाज येतो, झींऽऽ. थांबते, परत झींऽऽ. फूल थरथरतं आणि तिच्या पोटावर पिवळी धूळ सांडते. वांग्याच्या सरीत सकाळी शांत उभं राहिलं तर हे आवाज इकडून तिकडून येत राहतात. मी लहानपणी ते ऐकले होते, पण ते कशाचे हे मला चाळिशीत कळलं.

शाळेत दाखवायचं म्हणून मी एकदा फुलं लागलेलं वांग्याचं झाड कुंडीतून नेलं. प्रयोगशाळेतला ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरावर आपटला आणि फुलाच्या देठाशी टेकवला. खाली काळा कागद धरला होता. कागदावर पिवळट धूर सांडल्यासारखा पराग पडला. वर्ग एकदम गप्प झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिची आई वांगी तोडायला रोजानं जाते, पुढं आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या शेतात ह्यो आवाज येतोय." मला वाटतं त्या वर्षीचा माझा सगळ्यांत चांगला तास तो.

वाऱ्यानंही वांग्याला फळ धरतं, हे खरं. एकाच फुलात दोन्ही अंगं असतात, वाऱ्यानं थोडा पराग आपोआप पडतो. पण नीट थरथरवलेल्या फुलात बी जास्त भरतं, आणि बी भरलं की फळ भरतं. टोमॅटोचंही तसंच. परदेशात काचघरातल्या टोमॅटोसाठी थरथरवणाऱ्या माश्या मुद्दाम विकत आणून सोडतात. आमच्या बांधावर त्या फुकट राहतात.

तुरीचा पराग जड आणि चिकट. वाऱ्यानं तो एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही, पानं कापणाऱ्या एकांड्या आणि भुंगे तो नेतात. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं तुरीचं संकरित बियाणं तयार केलं, त्याचा सारा आधार हाच. एक ओळ नराची, बाकी ओळी मादीच्या, आणि मधली ने-आण किडे करणार. लसूणघासाची गोष्ट तर आणखी बघण्यासारखी आहे. म्हशीसाठी आम्ही घास लावतो, पण तो फुलाआधी कापतो म्हणून हे आमच्या डोळ्यांसमोर घडत नाही. त्याच्या फुलात पुंकेसर चापाच्या कमानीसारखे दाबून बसवलेले असतात. माशी आत शिरली की चाप सुटतो आणि तिच्या हनुवटीवर फटका बसतो. पोळ्यातली मधमाशी शहाणी, एकदोनदा फटका खाल्ला की बाजूच्या फटीतून मधुरस चोरायला शिकते आणि चाप तसाच राहतो. पानं कापणारी एकांडी फटक्याची पर्वा करत नाही. म्हणून उत्तर अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी या जातीच्या माश्या लाकडाला भोकं पाडून त्यांत मुद्दाम पाळल्या जातात. आमच्या चौकटीच्या भोकाला तिकडं मोठा व्यवसाय म्हणतात.

त्यांच्या कामात एक साधी गोष्ट आहे. पोळ्यातली मधमाशी पराग मधानं भिजवून मागच्या पायाला चिकटवते, पक्का गोळा करून. एकांडी तो कोरडाच, पोटाच्या किंवा पायाच्या लवेत भरून नेते. कोरडा पराग सांडतो. घरी न्यायचा तेवढा नेता नेता वाटेतल्या प्रत्येक फुलाला थोडा थोडा देत जाते.

आणि आता ज्याच्यामुळं हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

जुन्या घराची पूर्वेची भिंत भोकांनी चाळण झालेली असे. दरवर्षी घटस्थापनेच्या आधी आजी पांढऱ्या मातीनं भिंती पोतारायची. भोकं बुजायची. चार दिवसांत त्या भिंतीतून परत मातीचे कण गळायला लागायचे. आजी चिडायची, खाली पडलेली माती केरसुणीनं गोळा करायची, परत कालवून त्याच भिंतीला लावायची. निळ्या पट्ट्यांच्या माश्या मऊ मातीत, भेंड्यांच्या सांध्यात घर करतात. एकीच्या शेजारी दुसरी, पण प्रत्येकीचं दार वेगळं, चाळीतल्यासारखं. पुरात ती भिंत गेली. तिथं आता सिमेंटचं घर आहे, चांगलं आहे, उंच जोत्याचं आहे, आई निर्धास्त झोपते. त्या भिंतीसाठी मी हळहळते, पण ती परत यावी असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. २०२१ ला पाणी परत आलं होतं.

तर त्या भिंतीतल्या माश्या गेल्या कुठं? बांधावर. एकांड्यांपैकी बहुतेक जाती जमिनीतच घर करतात. न नांगरलेली, थोडी उघडी, उन्हाकडं तोंड असलेली माती त्यांना लागते, आणि गावात अशी माती उरली आहे ती फक्त बांधाला. पेन्सिल जाईल एवढं भोक, भोवती चाळल्यासारख्या मातीचं छोटं कडं. आपण ते मुंग्यांचं समजून पाय देतो. आणि बांधाचं काय चाललंय ते आमच्याकडच्या कुणालाही सांगायला नको. दरवर्षी नांगराच्या एका सरीएवढा तो कोरला जातो, इकडून थोडा, तिकडून थोडा. भावकीत त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात. आमचा एक बांध आजोबांच्या वेळी बैलगाडी जाईल एवढा होता, आज दीड हात आहे. जो उरला त्याच्यावर तणनाशक. भावाभावांच्या भांडणात त्या दीड हातातली बिऱ्हाडं कुणाच्याच हिशेबात नाहीत.

पोळ्यातली राणी दिवसाला हजारभर अंडी घालते. एकांडी उभ्या आयुष्यात घालून घालून २०-३०. एकदा बांध नांगरला गेला की त्या जागेची पुढची पिढीच गेली. पानं कापणारीचं दुखणं वेगळं. पानावर औषध मारलं असेल तर त्याच पानाची ती पिल्लाच्या खोलीची भिंत करते. फवारणी फुलावर झाली नाही म्हणून माशी वाचली, असं म्हणता येत नाही.

हे मी भावाला सांगितलं. तो ऐकत होता, मग शांतपणे म्हणाला, "ताई, तुझं खोटं न्हाई. पर आठवड्याला शेंडं मरत्यात. अळी आत शिरती. किडकं वांगं मार्केटात कोण घेतंय? दलाल पाटीच बाजूला सारतोय." यावर मी काय बोलणार? पगार माझ्या खात्यावर महिन्याला जमा होतो, त्याचं वांगं कधी तीस रुपये, कधी तीन. त्याला पाप लावायला मी गेले नव्हते. आम्ही दोघं सरीतून फिरलो. मलूल शेंडे मोडून पिशवीत भरले, अळीसकट. मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे कामगंध सापळे लावायचं त्याच्या मनात होतंच, ते त्यानं लावले. फवारणी सकाळी करायचा, ती ऊन कलल्यावर करायला लागला. सगळं सुटलं असं नाही, अळी आहेच, औषधही आहे, पण दोन फवारण्यांमधलं अंतर वाढलं. बांधाबद्दल मात्र तो काही बोलला नाही. फवारणीचा पंप गोठ्यात तसाच भरून ठेवलेला होता.

दिवाळीला गेले तेव्हा आईनं चौकटीपाशीच गाठलं. कोयंड्याच्या भोकाचं पानांचं झाकण वाळून तपकिरी झालं होतं. त्याला मधोमध एक भोक पडलेलं, कडा बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर फाटलेल्या. आम्ही दोघी उकिडव्या बसलो. झाकण हललं. आधी मिशा आल्या, मग पिवळसर केसाळ तोंड. तो बराच वेळ तसाच दारात डोकं काढून बसला, मग पूर्ण बाहेर आला, चौकटीवर अंग शेकत राहिला आणि उडाला. दाराशी मुलगे असतात, ते आधी निघतात.

"आत आणि हायत व्हय?" आईनं विचारलं.

"चार-पाच तरी असतील. मुली मागं असतात."

आई उठली. चौकटीला टेकवलेली पेंडीची पोती तिनं एकटीनं ओढून पलीकडं नेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, रात्री साडेआठच्या सुमाराला भावाचा फोन आला. शेतीपंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, तो मोटार चालू करायला मळ्यात गेला होता. "ताई, बांधावर वाळक्या काडीला माश्या लटकल्यात. हलंनात. मेल्यात का काय?" मी म्हटलं फोटो पाठव. मोबाईलच्या उजेडात काढलेला, थोडा हललेला फोटो. गवताची एक वाळकी काडी आणि तिच्यावर एकाखाली एक, ओळीनं, निळे पट्टे. जबड्यानं काडी घट्ट चावून धरलेली, पाय पोटाशी दुमडलेले, अंग हवेत आडवं.

ते मेलेले नव्हते. ते नर होते, झोपलेले. मादीला रात्री स्वतःचं बीळ असतं, नरांना घर नसतं. दिवस मावळला की ते एखादी काडी निवडतात, जबड्यानं धरतात आणि रात्रभर असेच लटकून झोपतात. बहुतेक वेळा रोज त्याच काडीला परत येतात. मी हे फोनवर सांगत होते तेव्हा पलीकडून मोटारीचा आवाज येत होता आणि भाऊ काहीच बोलत नव्हता. मग म्हणाला, "किती हायत मोजतो, थांब." मोजले. सात निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपण होऊन मेसेज केला, "आज नऊ." मग रोजच. आठ, दहा, एका गार रात्री फक्त चार. तेवढ्या तुकड्यावर तणनाशक मारलेलं नाही, हे मला आईकडून कळलं. त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

या सोमवारपासून मळ्यातली वीज दिवसाची झाली आहे. रात्री मोटारीसाठी जायचं काही कारण नाही. मी वह्या तपासत बसले होते. साडेआठला फोन वाजला.

"आज अकरा हायत."